जुन्या रायफलीला आठ दिवस द्या

गेली अठरा वर्षं मी ओहायोत राहतो, आणि त्यातली निदान बारा वर्षं माझ्या संध्याकाळी जुन्या लष्करी रायफली उघडण्यात, पुसण्यात आणि जुळवण्यात गेल्या आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे अशी एखादी रायफल असेल, तर त्यांना मला एक कळकळीची विनंती करायची आहे. ती सासऱ्यांकडून वारशानं आलेली असेल किंवा गन शोमध्ये हौसेनं घेतलेली असेल. बोल्ट काढून तुम्ही नळीत डोकावता, आत कोळशाच्या बोगद्यासारखा अंधार दिसतो, आणि दुकानदार किंवा एखादा अनुभवी मित्र मान हलवून म्हणतो, नळी गेली, भिंतीवर टांगा. तसं करू नका. ती सुट्ट्या भागांच्या भावात विकू नका, नळी कापून घेऊ नका, आणि ड्रिलला तारेचा ब्रश लावून तर मुळीच आत घालू नका. त्याआधी तिला आठ संध्याकाळी द्या, रोज अर्धा तास.

माझ्याकडची तीनशेतीन, म्हणजे .३०३ ली-एन्फिल्ड रायफल, ईशापूरची आहे. पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी असलेल्या रायफल फॅक्टरीत ती बनली. दस्त्याच्या मुळाशी असलेल्या पोलादी पट्ट्यावर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. ही सम्राटाची आद्याक्षरं, ईशापूर आणि १९४३ हे साल ठोकलेलं आहे. माझे मामा राज्य राखीव पोलीस दलात होते. दौंडच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये लहानपणी मी 'थ्री नॉट थ्री' हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता, की परदेशातल्या एका टेबलावर ती दिसल्यावर मला पुढे जाववलं नाही. विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की नळीत काही उरलेलं नाही. नवव्या संध्याकाळी त्याच नळीतून खिडकीकडे पाहिलं, तर गोळीला फिरकी देणाऱ्या पाचही खाचा डावीकडे वळत जाताना स्पष्ट दिसत होत्या. तळाशी गंजाचे बारीक खड्डे होते. ते आजही आहेत आणि राहतील. पण नळी जिवंत होती. तिच्यावर ऐंशी वर्षांचा मळ चढला होता, इतकंच.

हा मळ एका जातीचा नसतो. लोक चुकतात ते इथेच. एक बाटली आणतात, तिनं काही होत नाही असं पाहून वैतागतात आणि जोर लावायला लागतात. जुन्या नळीत वरती साठवणीचं घट्ट झालेलं ग्रीस असतं, त्याखाली दारूच्या जळक्या राखेचा कडक थर, त्याखाली गोळ्यांच्या कवचातून घासून चिकटलेलं तांबं, त्याखाली पुन्हा राख, पुन्हा तांबं आणि मधूनमधून गंज. ग्रीस विरघळवणारं द्रव्य तांब्याला हात लावत नाही. तांबं खाणारं द्रव्य राखेच्या थराखाली पोचतच नाही. म्हणून पाळीपाळीनं जायचं. करपलेलं दुधाचं पातेलं आपण लगेच तारेच्या घासणीनं खरवडत नाही, रात्रभर पाणी घालून ठेवतो आणि सकाळी खरपुडी आपोआप सुटते. नळीलाही तोच न्याय लावा. काम द्रव्याला करू द्या, आपण फक्त पुसत राहा.

सुरुवात करण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालूनही पाहा. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. काडतुसं त्या खोलीतच नकोत. लहान मुलं घरात असतील तर काम संपेपर्यंत बोल्ट वेगळ्या कुलपात ठेवा. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, आणि जवळ शेगडी, देवाचा दिवा, सिगारेट काही नको. तळघरात बसून हे काम करणारे पुष्कळ आहेत. पण ॲसिटोन, थिनर आणि अमोनियाचा वास बंद तळघरात कोंडतो आणि त्याचा त्रास होतो. गराजचं दार वर करून बसा.

बोल्ट काढून मागच्या बाजूनं काम करायचं, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोळी नळी सोडते तो शेवटचा काठ, म्हणजे नळीचं पुढचं तोंड, चारही बाजूंनी सारखं असेल तरच गोळी सरळ जाते. सफाईचा गज पुढच्या तोंडातून घालून आत-बाहेर केला की तो त्या काठावर घासतो आणि काठ एका बाजूनं झिजतो. गोळ्या झाडून जितक्या नळ्या खराब झाल्या, जवळजवळ तितक्याच अशा साफसफाईनं झाल्या असाव्यात, असं माझं मत आहे. ब्रिटिश सैन्यात तर गजाऐवजी दोरीचा पुलथ्रू होता. ती दोरी तिरकी ओढली जाऊन तिच्यावरच्या धुळीनं पोलादाला चर पडायचा, आणि आर्मररांकडे त्या दोषाला वेगळं नावच होतं. रशियन मोसिन-नागांत रायफलींमध्ये तुम्हाला कधीकधी पुढच्या तोंडाशी आतला थोडा भाग गुळगुळीत, खाचांशिवाय दिसेल. झिजलेलं तोंड दुरुस्त करण्यासाठी तिथल्या कारखान्यांनी तेवढा भाग आतून मोठा कातून टाकला आणि गोळीला नवा निरोगी काठ दिला. असं दिसलं तर घाबरू नका, तो इलाज आहे.

ली-एन्फिल्ड आणि मोसिन, दोन्हींचे बोल्ट हत्याराशिवाय निघतात. ईशापूरच्या नंबर वन मार्क थ्रीमध्ये बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वरच्या बाजूला वळवलं की तो मागून सरकून बाहेर येतो. मोसिनमध्ये बोल्ट मागे ओढून ट्रिगर दाबून धरायचा. गज मात्र एकसंध घ्या, तीन तुकडे पिळून जोडायचे नकोत. त्यांच्या सांध्याच्या कडा आत खरवडतात. लाकडी दस्ता फडक्यात गुंडाळा आणि रायफल तोंडाकडे थोडी उतरती ठेवा, म्हणजे द्रव्य पुढे गळतं आणि मागच्या यंत्रणेत किंवा लाकडात शिरत नाही.

पहिल्या संध्याकाळी फक्त ग्रीस काढा. साठवणीचं हे ग्रीस पिवळट, मधासारखं असतं, आणि दशकांनंतर मेणासारखं होतं. रॉकेलमध्ये किंवा पेंट थिनरमध्ये ते छान विरघळतं. चिंधी भिजवून आत घाला, दहा मिनिटं थांबा, मग दुसरी. चेंबर विसरू नका. तिथं राहिलेला ग्रीसचा पापुद्रा तापला की काडतूस अडकतं, आणि मोसिनचा बोल्ट उघडत नाही अशी जी तक्रार असते तिचं एक मोठं कारण हेच. ग्रीस भरलेल्या नळीतून 'एक बार काढून पाहू, आपोआप साफ होईल' असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. गोळीच्या वाटेत अडथळा असला की दाब वाढतो आणि नळी फुगू किंवा फाटू शकते.

ज्यांनी शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केली आहे त्यांना चिंधीचं माप आठवत असेल. साफ करायची चार इंच बाय दोन इंच आणि तेल लावायची चार बाय दीड, कारण तेलाची चिंधी सैल जायला हवी. ब्रिटिश लष्करातून आलेलं ते माप आजही बरोबर आहे. जुनी सुती गंजी किंवा फ्लॅनेल कापा. एक चिंधी एकदाच वापरायची. मळलेली चिंधी पुन्हा आत घालणं म्हणजे काढलेला मळ परत नेऊन ठेवणं. वापरलेल्या चिंध्यांचा ढीग करू नका, मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवा.

दुसऱ्या संध्याकाळी पाणी. हो, पोलादाच्या नळीत पाणी, आणि तेही उकळतं. यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, म्हणून कारण नीट सांगतो. जुन्या लष्करी काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि ते नळीभर बसतं. हे आपल्या जेवणातल्या मिठाचंच भावंड. पावसाळ्यात कोकणातल्या घरात मिठाला पाणी सुटतं तसंच या क्षारालाही सुटतं, आणि त्या ओलाव्यात पोलाद रातोरात गंजतं. गंमत अशी की हा क्षार तेलात विरघळत नाही. फोडणीच्या तेलात मीठ टाकून पाहा, तळाशी खडे तसेच राहतील. म्हणजे सैनिक इमानदारीनं तेल लावून रायफल ठेवत होता आणि तेलाखाली गंज चालूच होता. पुष्कळ काळ लोक दारूच्या धुराला दोष देत राहिले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी तेलाच्या थराखाली नळी का गंजते याचा अभ्यास छापला आणि टोपीतल्या क्षारावर बोट ठेवलं. उपाय मात्र सैनिकांना आधीच माहीत होता. ब्रिटिश सैन्यात नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतत.

तसंच करा. चेंबरमध्ये बसेल असं लांब नळीचं नरसाळं घ्या, पुढच्या तोंडाखाली बादली ठेवा आणि किटलीभर उकळतं पाणी सावकाश ओता, मग दुसरी किटली. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून ती जाड फडक्यानं धरा. त्या उष्णतेनंच उरलेलं पाणी वाळून जातं. पाणी लाकडात शिरू देऊ नका. लगेच दोन-तीन कोरड्या चिंध्या आणि मग तेलाची चिंधी. काचा पुसायचं अमोनियायुक्त द्रव्य क्षाराला मारतं असं सांगणारे भेटतील. अमोनिया क्षाराचं काही करत नाही, त्या बाटलीतलं पाणी करतं. साधं गरम पाणी पुरेसं आहे.

तिसऱ्या दिवसापासून राख. इथे भेदक तेल उपयोगी पडतं. ते थराच्या फटीतून खाली उतरतं. संध्याकाळी नळी त्यानं ओली करून ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुसा. घरी करायचं एक मिश्रण अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांत फार वापरलं जातं. गाडीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल, रॉकेल, पेंट थिनर आणि ॲसिटोन, चारही सारख्या मापानं. मी तेच वापरतो. धातूच्या किंवा द्रव्याला टिकणाऱ्या बाटलीत, घट्ट झाकणात, नाव लिहून आणि आगीपासून लांब ठेवा. दस्त्याच्या जुन्या रंगावर त्याचा थेंबही पडू देऊ नका, ॲसिटोन तो रंग उचलतं. भिजवल्यानंतर कांस्याचा ब्रश मागून घाला, पुढच्या तोंडाबाहेर पूर्ण जाऊ द्या, मगच परत ओढा. नळीच्या मध्यावर दिशा बदलू नका, ब्रशचे केस मोडतात आणि अडकतात. दहा-बारा फेऱ्या झाल्या की पुसा. पोलादी किंवा स्टेनलेसचा ब्रश दुकानात दिसला तरी घेऊ नका.

पहिल्या चार-पाच चिंध्या डांबरासारख्या येतील. मग पुढच्या करड्या येतील, आणि तुम्हाला वाटेल झालं. तेव्हा तांब्याकडे वळा.

गोळीचं कवच तांबं-जस्ताचं असतं, आणि फार जुन्या काडतुसांत तांबं-निकेलचं असे. ते निकेलमिश्रित कवच तर नळीत ढेकळांसारखं चिकटायचं. तांबं काढायला अमोनियाचं द्रव्य लागतं. ते बाजारात तयार मिळतं. नायलॉनचा ब्रश घ्या, कारण कांस्याचा ब्रशही तांब्याचाच, तो विरघळून चिंधी निळी करतो आणि तुम्ही नळीत नसलेलं तांबं आठवडाभर शोधत बसता. पितळी टोकाचा गजही हाच घोळ करतो. द्रव्य लावा, बाटलीवर लिहिलेली मिनिटं घड्याळात पाहून थांबा, पुसा. तीव्र अमोनियाची द्रव्यं साधारण पंधरा मिनिटांच्या वर ठेवायची नसतात. रात्रभर ठेवलं तर जास्त निघेल, हा हिशेब इथे चालत नाही. पोलादाच्या अंगावर परिणाम होऊ शकतो. चिंधी मोरपिशी निळी आली, म्हणजे तांबं येत आहे. घरातल्या कळकलेल्या पितळी भांड्यावर दिसते त्याच कुळातली ही छटा. एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. ही द्रव्यं ब्लीचबरोबर कधीही, कशातही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि प्रत्येक संध्याकाळी शेवटी अमोनिया पूर्ण पुसून तेल लावा. तो नळीतलं तेल धुऊन नेतो आणि पोलाद उघडं पडतं.

तांब्याचा थर निघाला की त्याखालची राख उघडी होते, चिंध्या परत काळ्या येऊ लागतात. याच ठिकाणी लोक खचतात. खरं तर ही चांगली खूण आहे, तुम्ही एक थर खाली उतरलात. पुन्हा राखेचं द्रव्य, पुन्हा तांब्याचं. माझ्या ईशापूरला अशा तीन पाळ्या लागल्या.

आता मी घाईत बिघडवलेल्या एका रायफलीबद्दल सांगतो, कारण तेच टाळावं म्हणून हे सगळं लिहीत आहे. पहिली मोसिन घेतली तेव्हा मला एका रात्रीत चकचकीत नळी हवी होती. गजाचा तुकडा ड्रिलमध्ये धरला, त्यावर पोलादी लोकर गुंडाळली आणि पुढच्या तोंडातून फिरवली. नळी चकाकली. पण खाचांमधल्या उंचवट्यांच्या कडा गोल झाल्या, काठ वाकडा झिजला, आणि आता शंभर यार्डांवर तिच्या गोळ्या परातीएवढ्या वर्तुळातही बसत नाहीत. महायुद्धातून वाचून आलेली वस्तू माझ्या गराजमध्ये वीस मिनिटांत गेली. त्याचं वाईट वाटणं अजून संपलेलं नाही.

म्हणून थांबायचं कुठे, हेही कळायला हवं. गंजाचे खड्डे भरून येत नाहीत आणि त्यांच्या तळाशी थोडा काळेपणा राहतोच. चिंधीवरची निळाई फिकट झाली, कडा धारदार दिसू लागल्या, की पुरे. खड्डे पडलेल्या नळ्याही नेम धरतात. नळी कशी आहे ते कागदी लक्ष्यावर ठरवा, टॉर्चच्या उजेडात नव्हे. आणि खाचा मोजताना फसू नका. ली-एन्फिल्डला बहुधा पाच असतात, मोसिनला चार, पण दुसऱ्या महायुद्धात काम लवकर व्हावं म्हणून नंबर फोर ली-एन्फिल्डच्या काही नळ्यांना दोनच खाचा पाडल्या होत्या. बाकीच्या झिजल्या असं समजून एका गृहस्थांनी अशी उत्तम रायफल माझ्यादेखत मोडीत दिली.

झाडण्यापूर्वी मात्र एकदा जाणत्या बंदूक कारागिराकडून हेडस्पेस मोजून घ्या, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकून थांबतं ती जागा यांतलं अंतर. हे काम डोळ्यांनी होत नाही, गेज लागतं. नळी कितीही स्वच्छ असली तरी हे टाळू नका. आणि झाडण्याआधी नळीतलं व चेंबरमधलं तेल कोरड्या चिंधीनं काढा.

जुनी सरप्लस काडतुसं वापरणार असाल तर सगळा क्षार नव्यानं येणार हे गृहीत धरा. तीनशेतीनच्या काडतुसांच्या बुडावर तुम्हाला के. एफ. ही अक्षरं दिसतील. ती पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. आपल्याला ती पाहून आपुलकी वाटते, मलाही वाटते, पण त्यातली जुनी काडतुसं क्षारवाल्या टोपीचीच समजा. घरी पोचलात की जेवायच्या आधी किटली चढवा. उद्या करू म्हणालात तर उद्या गंज असेल.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही दोन शब्द. तीनशेतीन आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही. पण ज्यांच्याकडे परवान्याची .३१५ आहे, त्यांच्या रायफलीची बांधणी ली-एन्फिल्डचीच आहे, आणि वरचं जवळजवळ सगळं तिला लागू पडतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असलेल्या ठासणीच्या बंदुकांना तर गरम पाण्याची आणखी गरज आहे. काळ्या दारूची राख ओलावा धरते, आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. अशा बंदुकीची नळी मागून उघडत नाही, म्हणून तोंडातूनच काम करावं लागतं. गज काठाला लागू नये यासाठी तोंडावर लाकडाचं किंवा नायलॉनचं भोकाचं बूच बसवा. ठासणी आहे, आत बार भरलेला नाही ना, हे गज घालून खोलीचं माप घेऊन तपासल्याशिवाय हात लावू नका.

आठ संध्याकाळी झाल्या, तेल लावलं, की रायफल कोरड्या जागी उभी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे जास्तीचं तेल चेंबरकडे न उतरता बाहेर येईल. फोमच्या बंद पेटीत कायम ठेवू नका, फोम ओलावा धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी एक कोरडी पांढरी चिंधी आतून काढा. नारिंगी छटा दिसली तर क्षार किंवा गंज शिल्लक आहे, पुन्हा पाणी, पुन्हा तेल. आठवड्यानं आणखी एक चिंधी. ती नुसत्या तेलाच्या रंगाची आली की बोल्ट परत बसवा, पण बसवण्याआधी बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे ना, तेवढं पाहून घ्या.